पेलेट ग्रिलला जोड द्या, पण हवा अडवू नका

पेलेट ग्रिलसाठी घरच्या घरी बनवायच्या वस्तूंबद्दल आलेल्या प्रश्नांतले निवडक इथे घेतले आहेत. बहुतेकांना वस्तू नीट बनवता येते, ती ग्रिलमध्ये गेल्यावर मात्र काहीतरी बिनसते. म्हणून आधी यंत्राबद्दल चार वाक्ये. हॉपर या साठवणीच्या पेटीतले पेलेट (लाकडाच्या भुश्शाच्या दाबून केलेल्या कांड्या) ऑगर नावाचा स्क्रू फायरपॉट या जळणाच्या भांड्यात ढकलतो, इग्नायटर ते पेटवतो आणि पंखा त्यांना हवा देतो. आच डिफ्लेक्टरवर (आच पसरवणारा पत्रा) आणि त्यावरच्या ड्रिप ट्रेवर (गळणारी चरबी झेलणारी ट्रे) आपटते, कडांनी वर येते आणि चिमणीतून निघून जाते. आतला सेन्सर कंट्रोलरला तापमान सांगतो, त्यावरून किती पेलेट टाकायचे ते ठरते. घरी केलेली जोड बिघडते तेव्हा बहुधा हवा अडलेली असते, चरबी साचलेली असते किंवा सेन्सर फसलेला असतो.

प्रश्न : छिद्रे असलेल्या पत्र्याची धूर-नळी बनवली आहे. पेलेट भरून टोक पेटवते आणि ज्वाळा विझवून आत ठेवते. कधी ती पंधरा-वीस मिनिटांत गार पडते, तर कधी अख्खी नळीच भडकते. मापे चुकली का?

मापांपेक्षा पेटवण्याची आणि ठेवण्याची पद्धत तपासा. तरी मापेही देतो. पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा, १ ते १.२ मिमी जाड. पेलेट साधारण ६ मिमी व्यासाचे असतात, त्यामुळे छिद्र ४ मिमीचे असावे. ५ सेंमी व्यासाच्या नळीला सुमारे १५७ मिमी घेर लागतो. एकावर एक चढणाऱ्या कडेसाठी १२-१३ मिमी धरून १७० बाय ३०० मिमीचा तुकडा कापा आणि योग्य जाडीच्या पाइपावर गुंडाळून वळवा. जोडाला स्टेनलेसचे चार रिव्हेट पुरतात. अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट वापरू नका, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि फुललेला निखारा त्याहून गरम असू शकतो. एक टोक बंद करा. खाली पट्टीचे दोन पाय लावा, म्हणजे नळी गडगडणार नाही आणि खालून सेंटिमीटरभर फट राहील. एवढ्या नळीत पावणेचारशे-चारशे ग्रॅम पेलेट मावतात आणि हवेनुसार तीन-चार तास धूर मिळतो.

आता ती विझते का ते पाहू. पहिला संशय ओलाव्यावर घ्यावा. कोरडा पेलेट मोडताना कट्कन आवाज येतो. दमट पेलेट आवाज न करता चुरगळतो. दुसरे कारण भुस्सा. पिशवीच्या तळाचा भुस्सा नळीत गेला की पेलेटांमधल्या फटी बुजतात, म्हणून नळीत भरण्यापूर्वी पेलेट चाळून घ्या. तिसरे कारण घाई. टोकावर नुसती ज्वाळा दिसणे पुरेसे नाही. टॉर्चने पेटवल्यावर पाच ते आठ मिनिटे जळू द्या, आत दोन-तीन सेंमीपर्यंत लाल निखारा तयार झाला की मगच फुंकर मारा. आणि एक कारण पेलेट ग्रिलचे स्वतःचे आहे. आतल्या हवेतला बराचसा ऑक्सिजन फायरपॉटमध्येच खर्च झालेला असतो. उघड्या कोळशाच्या शेगडीत छान चालणारी नळी इथे मरगळते ती यामुळे. तिला जाळीच्या कडेला, जिथे झाकणाच्या फटीतून थोडी ताजी हवा येते अशा जागी आडवी ठेवा आणि एकदा जागा बदलून पाहा.

भडकण्याचे कारण बरोबर उलटे. उभी नळी स्वतःच चिमणी होते, खालून हवा ओढते आणि पेटते. ग्रिल १५० अंशांच्या वर असेल तर न पेटलेले पेलेटही आधीच तापून तयार असतात. धूर-नळी १२० अंशांच्या आतल्या स्वयंपाकासाठीच ठेवा. वर चरबी गळणारा पदार्थ नको आणि ड्रिप ट्रेवर तर नळी मुळीच ठेवू नका.

प्रश्न : वरच्या जाळीसाठी घरात पडलेली जीआय जाळी किंवा जुन्या फ्रिजची शेल्फ वापरता येईल का?

दोन्ही नको. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. जस्त ४१९ अंशांना वितळते, मुलामा त्याच्या बऱ्याच आधी खराब होऊ लागतो आणि आंबट मसाल्यात तर थंड असतानाही विरघळतो. जास्त तापल्यावर निघणारा जस्ताचा धूर फुप्फुसांना घातक असतो. जुन्या फ्रिजच्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो, तो याहून वाईट. स्टेनलेस घ्या, नाहीतर साधे लोखंड घेऊन त्यावर तेल भाजून थर चढवा.

प्रश्न : आत दुसरा मजला करायचा आहे. आतली रुंदी ५०० मिमी आहे. जाळी नेमकी ५०० मिमीचीच कापू का?

नेमकी कापलीत तर थंड असताना बसेल आणि तापल्यावर अडकेल. ३०४ स्टेनलेस दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०१७ मिमी वाढते. खोलीच्या तापमानापासून २५० अंशांपर्यंत ५०० मिमीची जाळी जवळजवळ २ मिमी लांब होते. ग्रिलची भिंतही वाढते, पण तेवढी नाही आणि त्याच वेगाने नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी सोडा, म्हणजे ४९४ मिमी.

त्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून आत ठेवा आणि झाकण पूर्ण उघडून-मिटून पाहा. गोल झाकणाची मागची कड उघडताना आत खाली फिरते. जाळी खोलीला जास्त झाली की झाकण अर्ध्यावरच थांबते आणि हे बहुतेकांना वेल्डिंग झाल्यावर कळते. झाकणाच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत किमान ८ ते १० सेंमी मोकळी जागा ठेवा. चौकट ६ मिमी सळईची करा आणि त्यावर सपाट केलेली एक्स्पांडेड जाळी (पत्र्याला चिरा देऊन ताणून केलेली) बसवा. न सपाट केलेल्या जाळीच्या उभ्या कडा पदार्थाला ओरखडतात आणि घासणीही फाडतात. पाय बोल्टचे करणार असाल तर एम६ पुरेत. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडाच जोरात आवळला की आटे एकमेकांत रुततात आणि मग तो कापूनच काढावा लागतो. फूड-ग्रेड अँटी-सीझचा (आटे रुतू न देणारा लेप) थेंब लावा आणि हळू आवळा.

दोन मजल्यांचे तापमान सारखे नसेल. कुठला किती गरम आहे ते ओव्हनच्या थर्मामीटरने मोजा, कारण डिफ्लेक्टरच्या घडणीनुसार ते बदलते. वरच्या मजल्यावर चरबीदार पदार्थ ठेवलात तर खालच्यावर काय गळेल याचाही विचार करा.

प्रश्न : रात्रभराच्या स्वयंपाकासाठी हॉपर उंच करायचा आहे. प्लायवूडची चौकट बसवली तर चालेल?

प्लायवूडची चौकट सोपी असते, म्हणूनच ती सगळीकडे दिसते. पण क्वचित आच ऑगरमधून उलटी सरकत हॉपरकडे येते, आणि अशा वेळी वर लाकडी पेटी असावी असे आम्हाला वाटत नाही. १ ते १.५ मिमी पत्र्याची चौकट करा. ३० बाय २५ सेंमी तोंडावर १५ सेंमी उंची वाढवली तर सव्वाअकरा लिटर जागा मिळते. पेलेटचे वजन लिटरला सुमारे ६५० ग्रॅम धरले तर सात किलोंची भर पडते. ११० अंशांच्या आसपास तासाला अर्धा ते पाऊण किलो जळतात, म्हणजे आणखी दहा तासांची सोय झाली.

चौकटीच्या भिंती उभ्याच ठेवा. तोंड मोठे करायला उतरत्या भिंती करणार असाल तर उतार ५० अंशांहून कमी नको. कमी उतारावर पेलेट भिंतीला टेकून कमान धरतात आणि मध्ये विहिरीसारखा खड्डा पडतो. वरून हॉपर भरलेला दिसतो, खाली ऑगर रिकामा फिरत असतो आणि पहाटे ग्रिल विझलेले सापडते. स्क्रूची टोके किंवा पत्र्याच्या कडा आत डोकावल्या तरी हेच होते. कडा बाहेरच्या बाजूला वळवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झाकण आणि जोड हवाबंद हवे. हॉपरमधून हवा झिरपू लागली की फायरपॉट ते ऑगर ते हॉपर असा उलटा झोत तयार होतो आणि आच मागे सरकायला वाट मिळते. चौकटीखाली आणि झाकणाखाली सलग गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) लावा. हॉपरच्या तळाशी बोटे जाऊ नयेत म्हणून जाळी असेल तर ती काढू नका. वाढलेले सात किलो एका बाजूला लटकतात, तेव्हा चाकांचा तोलही एकदा पाहा.

प्रश्न : झाकणाच्या फटींतून धूर येतो. गॅस्केट लावल्याने पेलेट वाचतील का?

थोडे वाचतील, वाऱ्याच्या दिवशी जास्त. पण झाकणातून येणारा सगळा धूर हा दोष नसतो, काही ग्रिल तशीच बनवलेली असतात. झाकण बंद केले आणि चिमणीची टोपीही घट्ट खाली फिरवली तर पंख्याची हवा जाणार कुठे? ती ऑगरच्या नळीतून हॉपरकडे जाते. गॅस्केट लावल्यावर चिमणीच्या टोपीखाली किमान दोन-तीन सेंमी फट ठेवा, आणि हॉपरमध्ये धुराचा वास आला तर ती वाढवा.

नोमेक्सची (उष्णता सोसणारे कृत्रिम कापड) चिकटपट्टी २०० अंशांच्या आसपासच्या वापराला ठीक. त्याहून जास्त तापवत असाल तर काचतंतूची वेणी घ्या आणि लाल उच्च-तापमान सिलिकॉनने चिकटवा. पट्टी निघून येते ती जवळजवळ नेहमी चिकट, तेलकट पृष्ठभागामुळे. आधी खरवडा, साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पट्टी ओढून लावू नका, ताणलेली पट्टी तापल्यावर आखडते आणि कोपऱ्यांत फट पडते. चोवीस तास झाकण हलके मिटून ठेवा, मगच पेटवा.

प्रश्न : थंडीत ग्रिलवर घालायला उबदार आवरण शिवायचे आहे. कापड कोणते आणि बांधायचे कसे?

वेल्डिंगसाठी मिळणारे सिलिकॉन लेपाचे काचतंतू कापड घ्या. बबल-फॉइल नको, त्यातले प्लॅस्टिक वितळते. सिरॅमिक लोकर उष्णतेला उत्तम टिकते, पण उघडी वापरली तर तिचे बारीक तंतू श्वासात जातात, आणि पदार्थावरही पडतात. शिवणार असाल तर दोरा काचतंतूचा किंवा अरामिडचा हवा, पॉलिस्टरची शिवण पहिल्याच वापरात उसवते.

चिमणी, हॉपर, कंट्रोलर आणि पंख्याचे तोंड उघडे ठेवा. बांधायला लोहचुंबक सोयीचे, मात्र फेराइटचे घ्या. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे जोर गमावू लागतात. ३०४ स्टेनलेसच्या झाकणाला तर कोणतेच चुंबक धरत नाही, तिथे पट्टा आणि बक्कल लावावे लागते. आवरणाखाली झाकण नेहमीपेक्षा जास्त तापते आणि रंगावर ताण येतो, म्हणून १८० अंशांच्या वर शिजवताना आवरण काढा. बाहेर उबदार हवा असेल तर घालूच नका: कमीत कमी पेलेट टाकूनही तापमान ठरवल्यापेक्षा वर जाते आणि कंट्रोलरच्या हातात काही उरत नाही. आणखी एक, कमी पेलेट जळले की धूरही कमी मिळतो. हे अनेकांना आवरण शिवून झाल्यावर कळते.

प्रश्न : भाजल्याचा गडद रंग यावा म्हणून जाळीवर ६ मिमी जाडीची लोखंडी प्लेट ठेवली. आता कंट्रोलरवर २३० अंश दिसतात, पण प्लेटच्या बाजूला ठेवलेले थर्मामीटर खूपच कमी दाखवते. सेन्सर खराब झाला का?

बहुधा नाही. प्लेटने आचेचा रस्ता बदलला आहे. झोत सेन्सरच्या बाजूने वर येऊ लागला की सेन्सरला वाटते आत पुरेसे तापले आहे, आणि कंट्रोलर पेलेट कमी करतो. प्लेट जाळीच्या अर्ध्याहून जास्त जागा व्यापत नाही ना आणि चारही बाजूंना ४-५ सेंमी मोकळे आहे ना ते पाहा, आणि ती सेन्सरपासून शक्य तितकी दूर सरकवा. ४० बाय ३० सेंमीची एवढी जाड प्लेट साडेपाच किलोंहून जड भरते. जाळी मध्ये वाकते का तेही बघा. तापायला २५-३० मिनिटे द्या. घाई केलीत तर पदार्थाला पाणी सुटते आणि रंग येत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवते, काळ्या, तेल भाजलेल्या भागावर नेम धरा.

तरीही शंका असेल तर सेन्सर सोडवून मल्टीमीटरने मोजा. तो पीटी १००० प्रकारचा असेल तर २५ अंशांना सुमारे १०९७ ओहम आणि १०० अंशांना १३८५ ओहम यायला हवेत. उकळत्या पाण्यात फक्त धातूचे टोक बुडवा, वायरचा जोड नाही. उंचावरच्या ठिकाणी पाणी १०० अंशांआधी उकळते, दर ३०० मीटरला साधारण एक अंश धरा. आकडा ३९ ओहमने चुकला तर तापमानात दहा अंशांची चूक आहे असे समजा. मोजण्याआधी सेन्सरवरची काजळी पुसा. अनेकदा तेवढ्यानेच दुरुस्ती होते.

प्रश्न : मांसात खुपसायच्या थर्मामीटरची वायर झाकणाखालून जाते आणि चेपते. भोक पाडले तर गंजेल का?

पाडा. जागा हॉपरच्या विरुद्ध बाजूची, जाळीपेक्षा दोन-तीन सेंमी वर. आधी आत हात घालून त्या जागी दुहेरी भिंत, सेन्सरची वायर किंवा ड्रिप ट्रेची पट्टी नाही ना ते चाचपा. ३ मिमीने सुरुवात करून स्टेप ड्रिलने १२ मिमीपर्यंत न्या. बाहेरून चिकटपट्टी लावून ड्रिल केले तर रंग उडत नाही. कड आतून-बाहेरून कानसीने मोडा, बाहेर उष्णतारोधक रंगाचा हात मारा आणि सिलिकॉनची ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) बसवा. ग्रोमेट नसेल तर स्टेनलेसचे बुश. वापर नसताना एक बोल्ट घालून ठेवा, नाहीतर गांधीलमाश्या तिथे घर करतात.

प्रश्न : ड्रिप ट्रेवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावावी का, की पत्र्याची नवी ट्रेच बनवावी?

फॉइल लावा, पण एकच थर, ताणून सपाट. सुरकुतीत चरबी साचते आणि पुढच्या वेळी तीच पेटते. फॉइल ट्रेच्या कडांबाहेर येऊ देऊ नका, आच वर येते ती त्याच फटींतून. नवी ट्रे करणार असाल तर पत्रा १.५ ते २ मिमी घ्या आणि ६० सेंमी लांबीला किमान २ सेंमी उतार द्या. पातळ सपाट पत्रा तापला की फुगतो, उतार मोडतो आणि मध्ये डबके होते. कोनातून कोनात हलकी दुमड मारली की तो ताठ राहतो. चरबी पेटलीच तर झाकण मिटून ठेवा आणि वीज तोडा. पाणी अजिबात नको.

प्रश्न : वीज गेली तर ग्रिल चालू राहील अशी बॅटरी जोडता येईल का?

सुरुवातीची काही मिनिटे इग्नायटर २०० ते ३०० वॉट घेतो. नंतर ऑगर आणि पंखा मिळून ४०-५० वॉटच लागतात. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तोटे धरून सुमारे चार तास पुरते, तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची असल्याने जेमतेम दोन तास. इन्व्हर्टर ४०० वॉटचा आणि शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर ऑगरची एसी मोटर गुणगुणते आणि तापते. अर्थिंग तोडू नका.

बॅटरी नसताना वीज जाऊन परत आली तर लगेच पेटवू नका. गार झाल्यावर फायरपॉट उघडून पाहा, तो पेलेटांनी भरलेला असेल तर रिकामा करा. भरलेल्या फायरपॉटवर इग्नायटर चालू झाला की आधी दाट पांढरा धूर कोंडतो आणि मग एकदम भडका उडून झाकण उघडते.

प्रश्न : चिमणीला नळी लावून शेजारी थंड धुराची पेटी जोडायची आहे. नळी किती लांब हवी?

एक ते दीड मीटर. नळी अ‍ॅल्युमिनियमची लवचिक, प्लॅस्टिकचा लेप नसलेली, आणि चिमणीपेक्षा अरुंद नको. पेटीला वरच्या बाजूला चिमणीएवढेच तोंड हवे. १०० मिमीच्या चिमणीसाठी ते ७८ चौरस सेंमी होते. एवढे नसेल तर धूर मागे फिरतो. नळीत धूर गार होताना काळे डांबरी पाणी सुटते. त्याचा थेंब पदार्थावर पडला की तो कडू होतो, म्हणून नळी पेटीच्या कुशीतून आत घ्या, वरून नाही, आणि तिच्या तोंडासमोर पत्र्याचा आडोसा ठेवा. पेटीत चीज किंवा मीठ ठेवायला हरकत नाही, चीजसाठी आतले तापमान ३० अंशांच्या आत हवे. कच्चे मांस मात्र ५ ते ६० अंशांच्या टापूत तासन् तास राहिले की जिवाणू वाढतात, क्युरिंगची (मीठ लावून मांस टिकवण्याची) नेमकी पद्धत माहीत नसेल तर या पेटीत ते घालू नका. आणि हे सगळे उघड्यावरच, गॅरेजच्या दारातसुद्धा नाही. पेलेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

प्रश्न : राख काढायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालेल?

मध्ये पत्र्याची झाकणवाली बादली जोडली तर चालेल. झाकणात दोन भोके पाडून एकात फायरपॉटकडची नळी आणि दुसऱ्यात क्लीनरची नळी बसवा. पहिली नळी आत बादलीच्या भिंतीलगत वळवा, म्हणजे राख गोल फिरून खाली बसते. प्लॅस्टिकची बादली नको. राखेच्या थराखाली निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, म्हणून ग्रिल बंद केल्यावर चोवीस तास थांबा आणि आधी धातूच्या पळीने राख उलथून पाहा. दर पंधरा-वीस किलो पेलेटनंतर फायरपॉट साफ केला की पुरते. त्याच वेळी त्याची हवेची भोके तारेने मोकळी करा.